विश्लेषण : ‘मावशी, दागिने काढून ठेवा’… रस्त्यावरचे तोतया पोलीस हातोहात कसे फसवतात?

‘मावशी, पुढच्या चौकात चोरी झालीय. आम्ही पोलीस आहोत. एवढं सोनं घालून फिरू नका, काढून पिशवीत ठेवा.’ मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूरपासून तालुक्याच्या गावापर्यंत अनेक फिर्यादींमध्ये हे किंवा याच्याशी मिळतेजुळते वाक्य सापडते. चाकू नाही, मारहाण नाही, हिसकाहिसकी नाही. बाई स्वतःच्या हाताने पाटल्या काढते, समोरच्याच्या हाती देते आणि घरी येऊन पुडी उघडते तेव्हा आत खडे निघतात. ही युक्ती जुनी आहे, वर्तमानपत्रांत वारंवार छापून आलेली आहे. तरीही ती चालते कशी, खरे पोलीस आणि तोतया यांतला फरक भररस्त्यात कसा ओळखायचा आणि फसवणूक झालीच तर पुढे काय करायचे, याविषयी…

नेमके घडते काय?

वेळ बहुधा सकाळची, नाहीतर दुपारी रस्ते सुनसान असतानाची. फिरायला, देवळात, भाजीला किंवा बँकेत निघालेली, साठी ओलांडलेली आणि एकटी व्यक्ती हेरली जाते. दुचाकीवरून दोघे येतात. बारीक कापलेले केस, पायात तपकिरी बूट, आवाजात जरब. गणवेश मात्र नसतो. ‘साध्या वेशातले पोलीस’ म्हटले की गणवेशाचा प्रश्न तिथेच मिटतो. एक जण खिशातून ओळखपत्र काढतो, क्षणभर समोर धरतो आणि पुन्हा खिशात घालतो. त्यावर काय लिहिले आहे, हे चष्मा नसलेल्या माणसाला दिसणे शक्यच नसते.

सुरुवात दरडावून होते. ‘साहेब मघापासून हाक मारताहेत, ऐकू येत नाही का?’ समोरची व्यक्ती गोंधळली की सूर एकदम मायेचा होतो. ‘काल याच रस्त्यावर एका आजींना मारून दागिने नेले. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.’ एवढ्यात तिसरा माणूस तिथून जाऊ लागतो. पोलीस त्यालाही अडवतात. तो मुकाट्याने गळ्यातली साखळी काढून देतो, पोलीस ती कागदात बांधून त्याला परत करतात आणि तो आभार मानून निघून जातो. हा तिसरा माणूस त्यांचाच साथीदार असतो.

मग मुख्य भाग येतो. काढलेले दागिने कागदाच्या पुडीत किंवा रुमालात ठेवायला सांगतात. ‘द्या, मी नीट बांधून देतो,’ म्हणत एक जण पुडी हातात घेतो. दुसरा त्याच वेळी नाव, पत्ता, मुलाचा फोन नंबर विचारत राहतो. लक्ष प्रश्नाकडे वळते आणि तेवढ्या क्षणात आधीच तयार ठेवलेली तशीच दुसरी पुडी पिशवीत जाते. तिच्यात खडे किंवा नकली बांगड्या असतात, म्हणजे वजनानेही शंका येऊ नये. शेवटची सूचना ठरलेली असते : ‘घरी पोहोचेपर्यंत उघडू नका.’ चोरट्यांना पळून जायला लागणारा वेळ या एका वाक्याने मिळतो.

शहाणीसुरती माणसेही का फसतात?

अशी बातमी वाचली की पहिली प्रतिक्रिया असते, ‘इतकं कसं कळलं नाही?’ फसणाऱ्यांत निवृत्त शिक्षिका असतात, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी असतात, संसार आणि व्यवहार चोख सांभाळलेल्या गृहिणी असतात. म्हणजे प्रश्न बुद्धीचा किंवा शिक्षणाचा नाही. एरवी माणसाला चांगला नागरिक बनवणाऱ्या सवयींवरच हा डाव उभा असतो. पोलिसांचे ऐकावे, चारचौघांत वाद घालू नये, आपुलकीने बोलणाऱ्यावर संशय घेऊ नये, या त्या सवयी.

केंब्रिज विद्यापीठातील संगणक सुरक्षेचे अभ्यासक फ्रँक स्टॅजानो आणि बीबीसीच्या ‘द रिअल हसल’ या कार्यक्रमात रस्त्यावरच्या फसवणुकी करून दाखवणारे पॉल विल्सन यांनी २००९ मध्ये अशा डावांचा एकत्र अभ्यास मांडला. शेकडो युक्त्यांच्या मुळाशी मोजकी सातच तत्त्वे असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातली चार इथे एकदम कामाला लागतात. अधिकाऱ्यापुढे मान तुकवण्याची सवय, म्हणजे ‘पोलीस’ हा शब्द. इतरांनी केले म्हणून आपणही करणे, म्हणजे तो साखळी काढून देणारा तिसरा माणूस. लक्ष विचलित करणे, म्हणजे नाव-पत्त्याचे प्रश्न. आणि विचाराला वेळ न देणे, म्हणजे ‘लवकर करा, साहेब थांबलेत.’

अधिकाराचा हा प्रभाव किती खोल असतो, हे लेनर्ड बिकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्यावरच्या लोकांना क्षुल्लक हुकूम देण्यात आले. पडलेली पिशवी उचला, त्या अनोळखी माणसाला पार्किंगसाठी नाणे द्या, वगैरे. हुकूम देणारा कधी साध्या कपड्यांत, कधी दूधवाल्याच्या वेशात, तर कधी रखवालदाराच्या गणवेशात होता. रखवालदाराचे सर्वाधिक लोकांनी ऐकले. त्याला तसा हुकूम देण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न फारसा कोणाच्या मनात आला नाही. आपल्याकडचे तोतये तर गणवेशाचा खर्चही वाचवतात.

विश्वासाच्या जोरावर समोरच्याकडून वस्तू मागून घेणे ही जगभरची जुनी रीत आहे. न्यूयॉर्कमध्ये १८४९ मध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा माणूस पकडला गेला. नीटनेटक्या पोशाखात तो अनोळखी लोकांशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि माझ्यावर उद्यापर्यंत तुमचे घड्याळ सोपवण्याइतका विश्वास आहे का, असे विचारायचा. लोक घड्याळ काढून द्यायचे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटले आणि ‘कॉनमॅन’ हा शब्द तिथूनच रूढ झाला.

ज्येष्ठ आणि महिलाच का?

पहिले कारण सोने. १० ग्रॅमचा, म्हणजे सराफाकडच्या एका तोळ्याचा भाव २०२५ मध्ये एक लाख रुपयांच्या पुढे गेला. आपल्याकडच्या साठी-सत्तरीच्या बायकांच्या हातात पाटल्या-बांगड्या आणि गळ्यात मंगळसूत्र असे चार-पाच तोळे सहज असतात. म्हणजे पाच मिनिटांच्या संभाषणात चार-पाच लाखांचा ऐवज जातो. अनेकींसाठी तेच त्यांच्या नावावरचे एकमेव धन असते : माहेरून आलेले, नाहीतर नवऱ्याच्या पहिल्या पगारातून केलेले.

दुसरे कारण ठरलेली दिनचर्या. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने फिरायला जाणाऱ्या व्यक्तीवर दोन दिवस नजर ठेवली तरी पुरते. तिसरे कारण म्हणजे या पिढीला लागलेले वळण. पोलिसांकडे ओळखपत्र पुन्हा मागणे, ‘थांबा, मुलाला फोन करते’ म्हणणे हा त्यांना उद्धटपणा वाटतो. आणि चौथे, ठळक बातम्यांमुळे बसलेली खरी भीती. मंगळसूत्र हिसकावल्याच्या घटना त्यांनी ऐकलेल्या असतात. म्हणूनच ‘दागिने काढून ठेवा’ हा सल्ला त्यांना पटतो. चोरीची भीती घालून चोरी करणे, हा या डावाचा कणा आहे.

याच युक्तीची आणखी रूपे कोणती?

माणसे आणि संवाद बदलतात, पण वस्तू फसणाऱ्याच्याच हातून काढून घेण्याची रीत तीच राहते.

साडीवाटप : ‘आमच्या शेठना मुलगा झालाय, ते गरिबांना साड्या आणि पैसे वाटताहेत. पण अंगावर सोनं दिसलं तर देणार नाहीत, काढून ठेवा.’ इथे घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या कष्टकरी बायका हेरल्या जातात. अनेकदा गळ्यातले एकुलते मंगळसूत्र जाते.

नोटांचे बंडल : बँकेबाहेर किंवा स्टेशनजवळ एखादा भोळा दिसणारा मुलगा भेटतो. मालकाने पगार दिला नाही म्हणून त्याचे पैसे घेऊन पळालो, गावी जायला मदत करा, असे सांगतो. रुमालात नोटांचे बंडल दाखवतो आणि ते सांभाळायला देऊन त्या बदल्यात मोबाइल, रोकड किंवा अंगठी घेतो. बंडलात वर आणि खाली खरी नोट, मध्ये कोरे कागद. यात फसलेला माणूस तक्रार करायला कचरतो, कारण चोरीच्या पैशाला आपण हात लावला, ही सल त्याला असते. स्टॅजानो आणि विल्सन यांच्या सात तत्त्वांपैकी हेही एक.

दागिन्यांना पॉलिश : दोन तरुण दारावर येतात, तांब्या-पितळेची भांडी चकचकीत करून दाखवतात आणि मग दागिन्यांकडे वळतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोने विरघळते. या मिश्रणाला अम्लराज म्हणतात. त्यात बुडवून काढलेली बांगडी चमकते, पण वजनाने हलकी होते आणि विरघळलेले सोने द्रवाबरोबर निघून जाते. तिथून ते पुन्हा मिळवता येते. दुसरा प्रकार आणखी सोपा : दागिने हळदीच्या पाण्यात घालून डबा किंवा कुकर गॅसवर ठेवा आणि वीस मिनिटे उघडू नका. उघडेपर्यंत दागिने केव्हाच गेलेले असतात.

एटीएममधली मदत : यंत्राशी झटापट करणाऱ्या ज्येष्ठाला मागचा तरुण मदत करतो, पिन पाहून ठेवतो आणि परत देताना तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कार्डाची अदलाबदल करतो.

क्यूआर कोड : दुकानाच्या किंवा टपरीच्या कोडवर रात्रीतून दुसरा कोड चिकटवला जातो आणि गिऱ्हाइकाचे पैसे भलत्याच खात्यात जातात. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका,’ हा त्याचाच भाऊबंद. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी तो टळतो.

तोतया पोलिसांचा हाच डाव आता व्हिडीओ कॉलवरही आला आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने होणाऱ्या फसवणुकीत तोच ‘पोलीस’ शब्द, तीच घाई आणि ‘कोणाला सांगू नका’ ही तीच सूचना असते. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, हे पंतप्रधानांनाही ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’मध्ये सांगावे लागले होते.

खरे पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगतात का?

नाही. ‘सुरक्षेसाठी दागिने काढून आमच्याकडे द्या, आम्ही बांधून देतो,’ असे सांगण्याची कोणतीही पद्धत पोलीस कामात नाही. सावध राहायला सांगणे वेगळे आणि वस्तू हातात घेणे वेगळे.

तपासासाठी एखादी वस्तू ताब्यात घ्यायची असेल, तर त्याची कार्यपद्धती ठरलेली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे बंधनकारक आहे. जप्त वस्तूंची यादी करावी लागते आणि तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या लागतात. अटकेनंतर स्त्रीची अंगझडती घ्यायची झाल्यास ती स्त्रीनेच आणि सभ्यतेची पूर्ण बूज राखून घ्यायची, असे कलम ४९ सांगते. रस्त्याच्या कडेला, यादी न करता, कागदाच्या पुडीत दागिने घेणारा माणूस पोलीस नाही, एवढे यावरून ठामपणे म्हणता येते.

संशय आल्यास करायची गोष्टही साधी आहे. दागिन्यांना हात लावू न देता ‘मी पोलीस ठाण्यात येऊन बोलते,’ असे म्हणायचे आणि जवळच्या दुकानात, सोसायटीच्या गेटवर किंवा जिथे माणसे असतील तिथे जायचे. तिथून ११२ वर फोन करायचा. खऱ्या पोलिसाचे त्यात काही बिघडत नाही. तोतया मात्र क्षणभरही थांबत नाही, कारण त्याचा सारा डाव वेळेवर आणि एकांतावर असतो.

गुन्हा कोणता, शिक्षा किती?

भारतीय न्याय संहितेत यासाठी अनेक कलमे आहेत. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या नावाखाली कृती केल्यास कलम २०४ नुसार किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. फसवून मालमत्ता द्यायला लावणे हा पूर्वी ‘चारसोबीस’ म्हणून ओळखला जाणारा गुन्हा आता कलम ३१८ (४) मध्ये आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास कलम ३१९ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

याखेरीज कलम ११२ मध्ये ‘किरकोळ संघटित गुन्हा’ हा नवा प्रकार आला आहे. टोळीने केलेल्या चोरी, हिसकावणे, फसवणूक अशा गुन्ह्यांना तो लागू होतो आणि हातचलाखीने केलेल्या चोरीचा त्याच्या व्याख्येत स्वतंत्र उल्लेख आहे. शिक्षा एक ते सात वर्षे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही हा ‘बाईचा वेंधळेपणा’ नसून टोळीने केलेला गुन्हा आहे.

फसवणूक झालीच तर पहिल्या तासात काय करावे?

चोरीचे सोने लवकर वितळवले जाते आणि एकदा लगड झाली की दागिन्याची ओळख पुसली जाते. सीसीटीव्हीचे चित्रणही काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. त्यामुळे वेळ महत्त्वाची.

सर्वप्रथम ११२ वर फोन. दुचाकी कोणत्या दिशेने गेली, कपड्यांचे रंग, बोलण्याची ढब, तिसरा माणूस होता का, हे आठवेल तसे सांगावे किंवा लिहून ठेवावे. बदलून दिलेली पुडी फेकू नये आणि फार हाताळूही नये. तो पुरावा आहे.

‘ही आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळाल्यास ते मान्य करण्याची गरज नाही. कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. ती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत मोफत मिळणे हा हक्क आहे. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. कोणत्याही स्त्रीला किंवा ६० वर्षांवरील पुरुषाला साक्षीदार म्हणून जबाबासाठी घराबाहेर इतरत्र बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचे असते. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत कळवणेही नव्या संहितेने बंधनकारक केले आहे.

दागिने सापडले तर ते न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतात, पण ते आपले आहेत हे दाखवावे लागते. सराफाची पावती, वजन, आणि ते दागिने घातलेले लग्नातले किंवा सणाचे फोटो इथे उपयोगी पडतात. अलीकडच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो, तो टिपून ठेवावा. जुन्या दागिन्यांवर तो नसतो, म्हणून त्यांचे जवळून काढलेले फोटो मोबाइलमध्ये आजच घेऊन ठेवलेले बरे.

पैसे कार्ड किंवा यूपीआयमधून गेले असतील, तर आधी १९३० वर आणि लगेच बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसलेल्या अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजी दिवसांत दिल्यास नुकसान ग्राहकावर पडत नाही. पिन किंवा ओटीपी ग्राहकानेच दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, नंतरचे बँकेचे. म्हणजे दोन्ही परिस्थितींत घाईने कळवण्याचा फायदाच होतो.

मग तक्रारी का टळतात?

कारण दागिने गेल्यापेक्षाही जास्त बोचते ती शरम. ‘हाताने काढून दिले’ हे सांगायचे कोणत्या तोंडाने, असे वाटते. सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर, पोलिसांसमोर तोच प्रश्न येणार असतो : ‘पण तुम्ही दिलेच का?’ काही जणी दोन दिवस कोणालाच सांगत नाहीत. काही जणी नंतर एकट्याने घराबाहेर पडणेच सोडतात. सोने गेले ते गेले, सकाळचे फिरणे, देवळातल्या मैत्रिणी आणि स्वतःवरचा भरवसाही जातो. दुसरीकडे, न झालेल्या तक्रारीचा थेट लाभ टोळीला होतो. तीच दुचाकी पुढच्या आठवड्यात शेजारच्या उपनगरात फिरते.

म्हणून घरच्यांच्या पहिल्या वाक्याला महत्त्व आहे. ‘इतकं कसं कळलं नाही?’ ऐवजी ‘बरं झालं लगेच सांगितलंस, चल आपण ठाण्यात जाऊ,’ असे म्हटले तर फिर्याद वेळेत होते आणि तपशीलही ताजे राहतात. मानसिक आधार किंवा कायदेशीर माहिती हवी असल्यास १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

सावधगिरीचा सल्ला देतानाही ‘कोणावर विश्वास ठेवू नकोस’ असे सांगून उपयोग नाही. तसे कोणालाच जगता येत नाही. त्याऐवजी घरातल्या आजी-आजोबांकडून एकच वाक्य दोन-तीनदा मोठ्याने म्हणून घ्यावे : ‘दागिने इथे काढणार नाही, पोलीस ठाण्यात येते.’ ऐन वेळी विचार सुचत नाही, पण तोंडात बसलेले वाक्य बाहेर पडते.